डावा सुळा

नाम्बवे, ४ जून २०१३

मोंदेताई,

टाळी वाजवून, गुडघा टेकून नमस्कार.

फोन तू घेत नाहीस. नमाकाऊनं घेतला की मागून तुझा आवाज येतो, "ठेव तो." मग ती बिचारी ठेवते. म्हणून लिहायला बसलोय. पत्र फाडायचं असलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

बातमी अशी, की हत्ती मेला. परवा दुपारी, खालच्या डोहापाशी. सरकारची परवानगी आल्याचं तुझ्या कानावर असेलच. माणूस मारणारा तो एक हत्ती मारायचा, दुसरा कुठला नाही. शिकारीचा धंदा करणाऱ्या कोबस साहेबानं शिकारीसाठी पाहुणा आणला होता, ऑस्ट्रियाचा, प्लांक नावाचा. म्हातारा आहे, चालताना गुडघा धरतो, पण बंदूक धरली की हात हलत नाही. एका गोळीत काम झालं. मी शेजारीच उभा होतो.

आता तू मनातून सगळं काढून टाक. लिफासीदाजींना ज्यानं मारलं, तो आता नाही.

मांस गावात वाटलं. पलीकडच्या वस्तीवरून बायका टोपल्या घेऊन आल्या. दिवसभर सुऱ्या चालल्या, रात्री घराघरांतून धूर. तुझा वाटा मी स्वतः पट्ट्या काढून वाळवलाय, कोंगोलाहून विंडहुकला बस जाते तिच्यात देतो. गावप्रमुख इंडुना मुबितांनी विचारलं, "मोंदेला कळवलंस का?" म्हटलं, कळवतो. सुळे आणि पाय साहेबाच्या गाडीतून गेले. ते विंडहुकला साफ होऊन, पेटीत भरून, परवाने मिळाले की पाहुण्याच्या घरी जातील.

दाजींना पुरलं त्या दिवशी सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "तुझ्या हत्तीनं माझा माणूस नेला." मी रागावलो नाही. गावाच्या जंगल-समितीचा मुख्य राखणदार म्हणून गावाला हत्ती सांभाळायला मीच शिकवलं, आणि दाजींची बंदूक घरातून मीच उचलून नेली, हेही खरं. बंदूक बिनपरवान्याची होती, ताई. दुसऱ्या कुणाची असती तरी नेली असती. मग दाजींच्या हातात शेत राखायला पत्र्याचा डबा उरला, हे मला कळत नाही असं समजू नकोस. पण आता ते सगळं फिटलं असं मी धरतो. तू परत ये. तुझ्या घराच्या छपराला नवं गवत घालून ठेवतो.

तो कसा दिसत होता हे तुला विचारायचं असेल. मोठा होता. मेल्यावर सगळे हत्ती सारखेच दिसतात.

तुझा धाकटा,
मुतेलो


नाम्बवे, १९ ऑगस्ट २०१३

मोंदेताई,

मांस परत आलं. बसवाल्यानं पिशवी जशीच्या तशी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "तुझी बहीण म्हणाली, ज्यानं माझ्या माणसाला चिरडलं त्याला मी चावू का?" बसमधली माणसं ऐकत होती. तुझं बरोबर आहे. मी पाठवायलाच नको होतं. तेवढी अक्कल मला नव्हती.

नमाकाऊचा निरोप दुकानाच्या फोनवर मिळाला. तुला ते सुळे बघायचेत. पेटी परदेशी जायच्या आत एकदा त्या तुटक्या सुळ्यावर हात ठेवायचाय, असं ती म्हणाली.

ताई, तिथे जाऊ नकोस. मी एकदा साहेबाबरोबर ती जागा पाहिली आहे. मोठं पत्र्याचं गोदाम, आत पाय ठेवला की डोळे चुरचुरतात. कवट्या उकळतात, कातड्यांना मीठ चोळतात, कसल्या कसल्या औषधांत बुडवतात. परदेशात रोगराई जाऊ नये म्हणून तसं करावं लागतं. बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत. आणि पेट्या शेकड्यांनी असतात, सगळ्या लाकडी, सगळ्या सारख्या. तुला त्यात काय सापडणार? सापडलं तरी हात ठेवून काय होणार आहे? सुळा म्हणजे हाड. त्याला काही कळत नाही.

शिवाय पेटी लवकर हलणार नाही. आपल्या सरकारचा परवाना वेगळा, त्यांच्या सरकारचा वेगळा. हत्ती कायद्यानं मारला, त्यापासून गावाचं भलं झालं, हे सगळं दोन्हीकडच्या कचेऱ्यांना पटावं लागतं. साहेब परवा आला होता, वैतागलेला.

"मुतेलो," म्हणाला, "एकदा ही पेटी गेली की म्हातारा पुढच्या वर्षी मेव्हण्याला घेऊन येतो. आणि अडकली, तर कुणीच येत नाही. हे लोक एकमेकांना विचारतात. तुझ्या गावची पेटी अडकते असं एकदा नाव झालं की झालं!"

"का अडकेल?" मी विचारलं.

"अडकू नये म्हणून तर तुझ्याकडे आलोय."

थोडं लिहून द्यायचं होतं. दिलं. तू त्याची काळजी करू नकोस.

आपल्याकडे नवा पंप बसला. प्लांकच्या शिकारीचेच पैसे. बायकांना आता नदीवर जावं लागत नाही, त्यामुळे मगरीची भीती गेली. मासिये म्हातारी तर पंपापाशीच घर बांधायचं म्हणते. "मरताना हांडा उशाला हवा," म्हणते. तुझी आठवण काढते. दोघी मिळून मासे वाळवायला बसायचात ते सांगत होती.

अजून एक. कुणी सरकारी माणूस तुझ्याकडे आला, काही विचारलं, तर फार बोलू नकोस. भावाला विचारा म्हणावं.

मुतेलो


नाम्बवे, ८ डिसेंबर २०१३

मोंदेताई,

काल दुकानात फोन आला. मला वाटलं, तूच आहेस. नमाकाऊ होती. तिनं मला नमस्कारसुद्धा केला नाही.

"मामा, तुम्ही आईला वेडी ठरवलंत?"

दुकानात माणसं होती. मी म्हटलं, "हळू बोल."

"मी विंडहुकमध्ये आहे, मामा. इथून ओरडले तरी तुमच्या गावाला ऐकू जाणार नाही. तुम्ही लिहून दिलंत ना, की बाई दुःखात होती, अंधार होता, सुळा तुटका दिसला तो तिचा भास?"



मग तिनं सगळं सांगितलं. परवान्याच्या कचेरीतल्या शिवुते बाईंनी तुम्हाला बोलावलं. टेबलावर दोन सुळे ठेवले होते, धुऊन पुसून, दोन्ही टोकापर्यंत शाबूत. बाई म्हणाल्या, "नवरा गेला तेव्हाच्या पंचनाम्यात तुम्ही सांगितलंत, डावा सुळा मधोमध तुटलेला. सुळा तुटला तर वर्षभरात एवढा उगवतो का? आता तुमचे भाऊ म्हणतात, तुम्हाला नीट दिसलं नाही. तुम्ही काय म्हणता?"

नमाकाऊ म्हणाली, तू बराच वेळ त्या सुळ्यांकडे बघत राहिलीस. हात लावला नाहीस. मग म्हणालीस, "माझा भाऊ तिथला राखणदार आहे. तो म्हणतो तर अंधार असेल." आणि सही केलीस.

"घरी आल्यापासून जेवत नाही," नमाकाऊ म्हणाली. "आता बोला ना. हळू बोला हवं तर."

मी फोन ठेवला. ताई, पोरीच्या तोंडावर मी फोन ठेवला.

हे पत्र आधी मी दुसऱ्याच तऱ्हेनं लिहिलं होतं. त्यात मी शिवुते बाईंवर बरंच तोंडसुख घेतलं होतं, की एका विधवेला असं सुळ्यांसमोर बसवायचं म्हणजे काय, माणुसकी आहे की नाही. ते वाचलं, आणि फाडलं.

अंधार नव्हता. उजाडलं होतं. तुझी हाक ऐकून मी शेतात पोचलो तेव्हा तू दाजींचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस आणि तुझ्या लुगड्यावरचं रक्त लाल दिसत होतं. अंधारात रक्त काळं दिसतं. हे मला ठाऊक होतं, आणि तरी साहेबानं पुढे केलेल्या कागदावर मी अंधार लिहिला. तो म्हणाला होता, "बहीणच आहे ना तुझी? तिला कशाला कळतंय? आणि पहाटे कुणाला धड दिसतं?" मी म्हटलं, "हो, तेही खरंच."

पण तू सही का केलीस? तू मला ओळखतेस. मी अंधार म्हटलं तेव्हा मी खोटं बोलतोय हे तुला तिथल्या तिथे कळलं असणार. मला वाचवायला केलीस का? तसं असेल तर तू तसं करायला नको होतंस. मला शिव्या घालायच्या होत्यास, त्या बाईंसमोर माझं नाव घेऊन थुंकायचं होतंस. मी ते सहन केलं असतं. हे होत नाही.

आणि अजूनही मी सगळं सांगितलेलं नाही. आज नाही जमत.

मुतेलो


नाम्बवे, २ मार्च २०१४

मोंदेताई,

तो परत आला.

शुक्रवारी सकाळी, सगळ्या गावादेखत. नदीपलीकडून आला, मासियेच्या मक्यात शिरला, तिथून पंपावर. बायका हांडे टाकून पळाल्या. मासियेला पळता येईना. ती कणगीच्या आडोशाला बसली, आणि त्यानं कणगीच तिच्या अंगावर ढकलली. म्हातारी जिवंत आहे. कातिमाच्या दवाखान्यात आहे, पाय मांडीपासून मोडलाय. पुन्हा चालेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

डावा सुळा मधोमध तुटलेला. तू सांगितलं होतंस अगदी तसा. दिवसाढवळ्या. पोरंसोरं, बाया, म्हातारे, सगळ्यांनी पाहिला. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता लिहितो. हे लिहायला मला दोन पावसाळे लागले असते, पण मासियेच्या पायामुळे लवकर जमतंय.

शिकारीच्या आदल्या संध्याकाळी तळावर कोबस साहेब मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुतेलो, हा म्हातारा आयुष्यभर एका हत्तीसाठी थांबलाय. वय झालंय त्याचं. अर्धा सुळा तो भिंतीवर लावणार आहे का? तुटका दाखवला तर माणुसकी म्हणून मारेल, पण पुन्हा येणार नाही. समितीच्या पदरात काय पडेल ते तूच बघ. आणि तुटका काय, आज ना उद्या कुणीतरी मारेलच."

दुसऱ्या दिवशी आम्ही डोहाजवळच्या वारुळामागे बसलो. आधी तोच आला, ताई. तुटक्या सुळ्याचा. इतका जवळ, की तो पाणी ओढत होता ते ऐकू येत होतं. प्लांकनं माझ्या दंडाला हात लावला आणि नजरेनं विचारलं, हाच का? तो भला माणूस आहे. आल्यापासून तो एकच गोष्ट विचारत होता, माणूस मारणारा कोणता? त्याला तोच हवा होता. गेलेल्या माणसाच्या बायकोला काय पाठवू, हेही त्यानं विचारलं होतं. सुळे शाबूत हवेत असं त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. ते साहेबाच्या तोंडून ऐकलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

तो पाणी प्यायला, अंगावर चिखल उडवला आणि झाडीत गेला. माझ्या दाजींना मारणारा हत्ती मी जाऊ दिला. त्या वेळी मला दाजी आठवायला हवे होते. तू आठवायला हवी होतीस. मला दुसरंच आठवत होतं, की साहेब माझ्याकडे बघतोय. हे वाक्य लिहायला मला सबंध दुपार लागली.

दुपारी बहिरा आला. हो, आपला बहिरा. बेटावरचा म्हातारा हत्ती, ज्याला ढोल ऐकू जात नाहीत असं सगळे म्हणायचे, जो कधी कुणाच्या शेतात शिरला नाही, लहानपणी ज्याच्यामागे आपण नावेतून जायचो. प्लांकनं पुन्हा विचारलं. मी मान हलवली. हो म्हणून.

मांस न्यायला बायका आल्या तेव्हा प्रत्येकीनं त्याला ओळखलं. कान बघून, पाठीवरचा वण बघून. कुणी काही बोललं नाही. मासिये फक्त म्हणाली, "ह्याला कशाला रे?" आणि टोपली पुढे केली. मी तिच्या टोपलीत जास्तीचा तुकडा टाकला.

काल गावपंचायतीचा खुता भरला. झाडाखाली सगळं गाव. डोहापाशी मी कशी मान हलवली ते सांगितलं, मग म्हटलं, हे वर कळवू आणि नव्यानं परवानगी मागू या. कातिमाच्या कचेरीत मी शुक्रवारीच जाऊन आलो होतो. तिथला माणूस हसला. म्हणाला, "तुटक्या सुळ्याचा, माणूस मारणारा? तो तर मेलाय. तुझ्याच सहीनं मेलाय. मेलेल्याला मारायची परवानगी कशी देऊ?" साहेबाला फोन केला. तो म्हणाला, "अर्ध्या सुळ्यासाठी एवढ्या लांबून कोण येणार आहे? पेटी एप्रिलमध्ये जाते. तोवर तोंड उघडू नकोस."

खुत्यात हे सांगितलं तेव्हा इंडुना काठीनं जमीन उकरत होते. मग म्हणाले, "साहेब म्हणतो ते धरून चालू. एप्रिलपर्यंत थांबू. पेटी गेली की सांगू, हा दुसराच आहे, ह्याचाही सुळा तुटका आहे."

"तोवर मका राखायला रोज माणसं शेतात झोपतील," मी म्हटलं.

"दरवर्षीच झोपतात."

"इंडुना, मासियेचा पाय..."

"मासियेनंही खाल्लंय," मागून कुणीतरी ओरडलं. "आम्ही सगळ्यांनी खाल्लंय. तू एकट्यानं सोवळा व्हायला निघालास?"

"पंप उखडून नेतील!" एक बाई म्हणाली. "मग मगरींच्या तोंडी तू जाणार आहेस का पाणी भरायला?"

दुसरी म्हणाली, "तेव्हा मान हलवलीस ना? आता हलवू नकोस."

लोक हसले. मीसुद्धा हसलो, ताई. सवयीनं.

इंडुना शेवटी माझ्या जवळ येऊन म्हणाले, "तू खरं बोललास तर तुझी बहीण खोटी ठरते. तिनं सही केली आहे. तिला कोर्टात उभी करणार का?"

तेवढ्यासाठी मी रात्रभर थांबलो. आता नाही थांबत. उद्याच्या बसनं निघतो. शिवुते बाईंना सांगतो, की तू सही केलीस ती माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवून. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही. मला तेवढंच सुचतंय.

हे पत्र आणि मी एकाच बसमधून येऊ. तू आधी हे वाच.

मुतेलो


नाम्बवे, २७ एप्रिल २०१४

मोंदेताई,

तिकडे काय काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं असेल. माझ्याकडून सलग ऐक.

शिवुते बाई माझ्यापेक्षा लहान आहेत. मला वाटलं होतं, रागावतील, ओरडतील. त्यांनी मला पाणी दिलं आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय का, की ही पेटी ऑस्ट्रियाला पोचली असती तर तिथल्या कचेरीनं ती माझ्या सहीवर आत घेतली असती? माझ्या नावावर तुमचं खोटं समुद्र ओलांडून गेलं असतं." मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "खाली बघून काय होणार? तुमच्यासारखी चांगली चाललेली गावं आहेत. कायद्यानं एक-दोन जनावरं शिकारीला देतात, त्यावर पंप घेतात, शाळा घेतात. त्यांच्या पेट्यांकडेही आता सगळे संशयानं बघतील. त्यांना काय सांगू?"

 मी एवढंच म्हटलं, "माझ्या बहिणीनं माझ्यावर विश्वास ठेवून सही केली."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "विश्वास ठेवून? मी त्या वेळी त्यांच्यासमोर बसले होते, मुतेलो. विश्वास ठेवणाऱ्या बाईचा चेहरा तसा नसतो." मग लेखणी पुन्हा उचलून, "पण तुम्ही म्हणता तसं लिहिते."

तुझ्यावर काही येणार नाही. हे तुला आधी सांगायला हवं होतं.

तिथून मी तुझ्या वस्तीत, कातुतुराला आलो, तुझ्या कोपऱ्यावर. तू मैद्याच्या गोळ्यांचे फॅटकेक तळत होतीस. कामावर जाणाऱ्यांची रांग होती. तुला हाक मारायची हिंमत झाली नाही, म्हणून मी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे दोन गवंडी होते, कुणाच्या तरी लग्नावरून एकमेकांची चेष्टा करत होते, आणि तूही हसत होतीस. दाजी गेल्यापासून मी तुला हसताना पाहिलं नव्हतं. तुझं बोट भाजलेलं होतं, त्याला चिंधी बांधली होती. मग माझी पाळी आली.

"किती?" तू वर न बघता विचारलंस.

"एक."

तुझा हात थांबला. आवाज ओळखलास. तरी वर बघितलं नाहीस. कढईतला गोळा उलटा केलास.

"पत्र वाचलं," म्हणालीस.

"बरं."

"मका उभा असेल ना तिकडे?"

"हो."

"तो फिरतोय अजून?"

"हो."

"राखायला कोण आहे?"

मी खिशातले सुटे पैसे चाचपले.

"मग इथे कशाला उभा आहेस?" कागदात गुंडाळून फॅटकेक माझ्यासमोर धरलास आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणालीस, "पुढचा कोण?"

मी बाजूला झालो. मागचा माणूस पुढे आला. तू त्यालाही विचारलंस, किती.

बसमध्ये मला तुझा राग आला, खरं सांगतो. एवढ्या लांब आलो, सगळं ओकून आलो, आणि हिनं मला गिऱ्हाईकासारखं काढलं! रुंदूपर्यंत तो राग टिकला. त्यानंतर नुसतंच तुझं बोलणं डोक्यात फिरत राहिलं. तुला माझ्या माफीपेक्षा त्या शेतात झोपणाऱ्या माणसांची काळजी होती. मला ती सुचलीच नव्हती. मी स्वतःला धुऊन काढायला विंडहुकला आलो होतो.

आता कसं झालं ते. पेटी अडकली. सुळे सरकारजमा झाले. कोबस साहेबाचा परवाना तूर्त थांबवला आहे, त्याची चौकशी चालू आहे. इथून तळ उठवताना तो माझ्याशी बोलला नाही. माझा गणवेश समितीनं काढून घेतला. कातिमाच्या कोर्टात माझी तारीख लागली आहे, वकील म्हणतो, कबूल केलंय म्हणून तुरुंग टळेल, पण खात्री देत नाही. गावाची यंदाची शिकार बंद. पंप आहे, पण मोडला तर दुरुस्तीचे पैसे कुठून येणार ते कुणाला माहीत नाही. बायका पाणी भरताना मला बघून बोलायच्या थांबतात.

प्लांकचं पत्र इंडुनांच्या नावे आलं. त्यात एकच प्रश्न होता, मी मारला तो कोणता होता? इंडुनांनी मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "तूच लिही उत्तर." मी लिहिलं. बहिऱ्याबद्दल लिहिलं, कुठे फिरायचा, कसा होता. त्या म्हाताऱ्यानं आपल्यावर विश्वास ठेवला, नियमानं सगळे पैसे भरले, आणि त्याच्या वाट्याला हे आलं. त्याचं उत्तर अजून नाही.

तुटका मागच्या बुधवारी मेला. सरकारनं स्वतःची माणसं पाठवली. पाहुणा नाही, फोटो नाही. सकाळी नदीकाठच्या लव्हाळ्यात त्यांनी त्याला गाठलं. गोळी झाडण्याआधी त्यांच्यातल्या म्होरक्यानं गावकऱ्यांना विचारलं, "हाच ना? नीट बघून सांगा." मीही तिथे होतो, गर्दीच्या मागे. वीस वर्षं त्या काठावर हत्ती ओळखायचं काम मी केलं. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. मासियेच्या सुनेला पुढे बोलावलं. ती म्हणाली, "हाच." तेव्हा बंदूक उचलली गेली.

कुणी टोपली आणली नव्हती. इंडुनांनी खड्डा खणायला सांगितलं. मी खणायला गेलो, तर कुणी फावडं माझ्या हातातून काढून घेतलं नाही, आणि कुणी माझ्या शेजारी उभं राहून खणलंही नाही. मी एका बाजूला एकटा खणत राहिलो.

हे सगळं तू माझ्याकडून मानू नकोस. नमाकाऊला सांग, इंडुनांना फोन कर. मासियेच्या सुनेला विचार. मग ठरव, परत यायचं की नाही. तुझ्या छपराला मी गवत घातलंय, पण त्यासाठी ये असं म्हणत नाही. तुझी रांग तिकडे चांगली लागते, ते मी पाहिलं.

मासिये दवाखान्यातून घरी आली आहे, अंथरुणावरच असते. तिचा अर्धा मका वाचला आहे आणि कापायला माणूस नाही. आज सकाळपासून मी तिथे कापतोय. तिनं मला बोलावलं नव्हतं. दुपारी सून दारात आली, थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली आणि आत गेली. चुलीवर शिजणाऱ्या मक्याच्या बुहोबेचा वास येत होता. मला कुणी जेवायला हाक मारली नाही, पण निघून जा असंही कुणी म्हटलं नाही. उद्या उरलेला कापायला जातोय.

मुतेलो